आईच्या खांद्याचा एमआरआय

हॅलो? …हाव, बोल बुद्धप्रिया, ताईच बोलून राहिले. …लातुरातच हाय, एमआरआयच्या दारात. …न्हाई झाला अजून. आई आडवी झाली, मशीनमधी सरकवायला लागले तशी उठून बाहेर आली. बाकड्यावर बसून "घरी चल" म्हणून राहिली.

…अगं ऐक ना! तेल चोळून दुखणं जायचं असतं तर इतक्या दिवसांत गेलं नसतं का? …आई पडली तवा तूच म्हणलीस, हात पदरात बांध, हलवू नको. डॉक्टर म्हणले, त्यानं खांदा जास्तीच आखडला. …रडू नको गं. बांधला तर मीच की.

…फ्रोजन शोल्डर म्हणतात त्याला. तिला हात उचलता येईना, अन् डॉक्टरनं उचलला तरी वर जाईना. शुगर हाय ना तिला, शुगरवाल्यांना लई होतो म्हणे. …मग एमआरआय कामून? अगं, पडलेली हाय ती! आत काही तुटलं असंल तर ऑपरेशन, नसंल तर नुसता व्यायाम. ते कळल्याबिगर हात ओढायचा कसा?

…वेणी? कुठली घालती! माझ्या पोरीच्या क्लाससाठी इथं खोली केली, तर आईच म्हणली, मी येते भाकऱ्या करायला. आता नातच आजीची वेणी घालून क्लासला पळती.

…सांगितलं की, दुखत न्हाई, नुसता आवाज असतो. …आवाजाचंच भ्या वाटतंय तिला. धडधड लई, अन् छत नाकाला टेकल्यावाणी. भूकंपात अशीच तर होती ती मातीखाली. …तुला कसं आठवंल? तू तान्ही, तिच्या कुशीत होतीस. …थांब, काहीतरी म्हणून राहिली. …काय गं आई?

…ऐकलंस? म्हणती, तवा पोर होती जवळ, तिच्यासंगं बोलत राहिले. इथं कोण हाय?

…थांब… अहो दादा, आत कुणी जवळ राहिलं तर चालतं का? …चालतं? मग आधी कामून सांगितलं न्हाई!

…प्रिया, चालतं म्हणले! आवाजात बोललेलं ऐकू येत न्हाई, पाय धरून उभं राहा म्हणले. …तू मुखेडहून निघतीस कशाला? एसटी येईस्तोवर होऊन जाईल. …आई, मी येते आत. पाय धरते तुझा. …उठली! प्रिया, उठली ती.

…आत लोखंड चालत न्हाई, केसातल्या पिना काढते. फोन बी बाहेर ठेवा म्हणून राहिले. …न्हाई सोडत पाय. न्हाई सोडत म्हणलं ना! …ठेव आता, ती दारात माझी वाट बघून राहिली.