नानांनी भरलेली टाकी

माझं माहेर अमळनेरकडचं, दिलं मला एरंडोलकडे, पद्मालयाच्या रस्त्याला आमचं गाव. नाव शेवंता. घरात आम्ही बठ्ठे आहिराणीच बोलतो, तुमच्याशी बोलायचं म्हणून जरा नीट बोलते ताई, पण मधे जीभ घसरली तर तसंच लिहा, सुधरवू नका. शाळा चौथीपर्यंत. शेती कोरडवाहू, कपाशी आणि मका, आणि बाकी काय सांगू तुम्हाला, जे बठ्ठ्या बायांचं तेच माझं, निंदणी, खुरपणी, दोन लेकरं, चूल. वेगळं काही असेल तर ती फटफटी.

आमच्या यांचं नाव मी घेत नही, गाव त्यांना नाना म्हणायचं, तुम्हीही नानाच लिहा. दिनेश माझ्या पोटात होता तेव्हा फटफटी घेतली, म्हणजे दिनेशचं वय तेच तिचं वय, तो आता पुण्याला कंपनीत शे, त्याला टक्कल पडायला लागलं, हिचा रंग नही गेला. काळी, लाल पट्ट्याची. मला तिच्यावर बसायची लाज वाटायची. नाना म्हणायचे, धरी बस, पडशी ना. मी म्हणायचे, लोक पाहतात. तर ते म्हणायचे, लोक पाहतीन, पण पडशी तर उचलतीन नही. असं बोलणं. एकदा मुक्ताईनगरला मुक्ताबाईच्या दर्शनाला गेलो, सासू म्हणे यष्टीने जा, हे म्हणे नही, गाडीवरच. सकाळचे निघालो ते दुपारी पोचलो, कंबर माझी मोडली, पण परत येताना मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो गाव येईपर्यंत काढला नही. पाहिलं लोकांनी, पाहू दे.

आवाज सांगायचा राहिला. गावात शंभर गाड्या झाल्या आता, पण नानांची गाडी नदीच्या फरशीवर, त्या बुटक्या पुलावर, चढली का मला चुलीपाशी कळायचं. दिवेलागणीला कान तिकडेच. गाडी दारात येऊन बंद झाली का माझा दिवस संपला.

मंग ते नवीन पेट्रोल आलं. पारावर माणसं बोलायची, पेट्रोलमधे दारू टाकतात म्हणे, उसाची, मक्याची. कोणी म्हणे अ‍ॅवरेज पडलं, कोणी म्हणे जुनी गाडी खोकते. बठ्ठे शिव्या द्यायचे आणि नाना हसायचे. आमचा मका व्यापारी नेतो ना, तो तिकडे कारखान्यात जातो असं त्यांनी कुठे ऐकलेलं, मंग काय, घरी आले आणि म्हणे, शेवंता, तुना हातना मका मनी गाडी पी ऱ्हायनी. मी म्हटलं मंग तिलाच निंदायला पाठवा. पण खोटं कशाला बोलू, मला चांगलं वाटलं. मी पेरलेलं, मी निंदलेलं, आणि त्यांना दारापर्यंत आणतं.

एकदा पेट्रोलची नळी फुगून गळायला लागली. एरंडोलचे रशीद मिस्तरी, ते आणि नाना जुने दोस्त, ते घरी आले नळी बदलायला. ओट्यावर बसून सांगत होते, नाना, हे पेट्रोल जुन्या रबराला झेपत नही, आणि हे पाणी ओढतं, गाडी चालती ठेवा, उभी ठेवू नका. मी चहा गाळत होते. गाडीचं बोलणं म्हणजे पुरुषांचं बोलणं, आपण कशाला कान द्यायचा? अर्धं ऐकलं, अर्धं चहाबरोबर गेलं. नाना रोज गाडी काढायचे, त्यांना काही फिकीर नव्हती.

मंग छातीचं दुखणं निघालं. धुळ्याला ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या दिवशी हा माणूस उठला आणि पंपावर गेला. मी म्हटलं, उद्या ऑपरेशनला जायचं आणि आज कुठे निघाले? आले तासाभरात, टाकी गळ्यापर्यंत भरून. पडवीत गाडी लावली, फडक्याने पुसली, झाकण दाबलं. आणि म्हणे, आठ दिन लागतीन. टाकी भरेल ऱ्हायनी का गंज लागत नही. कोणाले हात लावू देऊ नको, मी येस तोपावत. सकाळी आम्ही यष्टीने धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी केलं त्यांच्या हातचं होतं तेवढं. अकराव्या दिवशी मी दवाखान्याच्या गाडीतून त्यांना घेऊन आले, पण ते नही आले. समजलं ना तुम्हाला? हां.

त्याला दोन वरीस झाले.

आता माझं वेडेपण ऐका. मी त्या गाडीला कोणाला हात लावू दिला नही. धाकट्या दिराचा मुलगा भिकन, दोन लेकरांचा बाप शे तो, गावाचं दूध गोळा करून डेरीवर नेतो, त्याची गाडी बिघडली तेव्हा आला, काकू, दोन दिवस नानाबांची गाडी देतेस का? मी अशी अंगावर गेले त्याच्या, बिचारा चप्पल घालायची विसरला. दिनेश फोनवर म्हणायचा, आई, विकून टाक, भंगार होईल. मी म्हणायचे, भंगार कशी होईल, टाकी भरलेली शे. चालू सुद्धा करू दिली नही कोणाला, कारण चालू केली तर पेट्रोल जळेल, आणि ते नानांनी भरलेलं पेट्रोल. परत कुठून आणू मी ते? माणूस गेलं, कपडे गेले, अंथरूण गेलं, त्यांनी माझ्या भरवशावर ठेवलेलं एवढंच राहिलं होतं. रोज सकाळी गाडी पुसायची, झाकण उघडून वास घ्यायचा, झाकण लावायचं. त्यांच्या सदऱ्याला तसाच वास यायचा. पडवीचा पत्रा पावसात गळायचा ते पण मला दिसलं नही. आखाजीला, तुमच्या अक्षय्य तृतीयेला, लोक पितरांची घागर भरतात, मी पण भरली, पण मनात म्हणायचे, तुमची टाकी मी भरलेली ठेवली ना, बस.

यंदाच्या आखाजीला दिनेश आला, लेक आली माहेरी, घर भरलं, आणि मला काय झालं काय माहीत, घागरीची पूजा झाली आणि मी म्हटलं, भिकनला बोलवा, गाडी चालू करा. एकदा आवाज ऐकायचा. लेक रडायलाच लागली. भिकनने किक मारली, दिनेशने मारली, घामेघूम झाले दोघं, गाडी हूं नही करत. मला वाटलं माझाच जीव अडकला तिथे. मंग रशीद मिस्तरींना फोन केला.

ते आले, नळी काढली आणि काचेच्या बाटलीत पेट्रोल सोडलं. बाटली उन्हात धरली. वर पिवळं, आणि खाली, ताई, खाली गढूळ पाणी, लाल गंजाचं. दोन थर, मधे रेघ. वास पाहिला तर आंबलेला. रोज वास घ्यायचे, पण रोजच्या माणसाला बदल कळत नही. मी म्हटलं, मिस्तरी, टाकी तर भरलेली होती, नानांनीच सांगितलं होतं. ते म्हणे, आक्का, नानांनी आठ दिवसांसाठी सांगितलं होतं. पहिलं, बिनदारूचं पेट्रोल असतं तरी दोन वरीस नसतं टिकलं. ह्यातली दारू पाणी धरते, झाकणातून पत्र्याचं पाणी गेलं, हवेतली ओल गेली, जास्त झालं तशी दारू पाणी घेऊन तळाला बसली आणि टाकी खाल्ली. हे बठ्ठं काढून टाकावं लागेल.

मी म्हटलं नही.

दोन दिवस नही म्हटलं. टाकीवर हात ठेवून बसले. माझा मका त्या टाकीत, त्यांचं बोलणं त्या टाकीत, आणि तेच आतून कुजलं, आणि ठेवलं कोणी, मी. कोणावर रागावू? मिस्तरी तिसऱ्या दिवशी परत आले, न बोलवता, आणि ओट्यावर बसून म्हणे, आक्का, नाना आज आले असते ना, तर पहिल्या शिव्या तुम्हाला दिल्या असत्या, दोन वरीस गाडी उभी ठेवली म्हणून. आणि मला हसू आलं ताई. खरंच दिल्या असत्या. हसता हसता जे रडले ते त्यांच्या तेराव्यालाही रडले नव्हते.

मिस्तरी टाकी घेऊन गेले. ती गेलीच, छिद्रं पडली होती. दुसरी टाकी टाकली, नळ्या, कारबोरेटर, बठ्ठं. लाल पट्टा रंगवून आणला, जरा वाकडा आलाय.

गाडी मी भिकनला दिली. दिनेश विकणार होता, मी म्हटलं, विकायची नही, चालवायची. आता सकाळी दुधाला जाते, दिवेलागणीला फरशी चढून येते. आवाज तोच शे. दारावरून जाते, पुढे त्याच्या घरी. पहिल्या दिवशी भिकन थांबला, म्हणे काकू, रोज दारात थांबत जाऊ का, तुला बरं वाटेल. मी म्हटलं नको बापा. तू जात जा, आवाज तेवढा येऊ दे. गाडी दारात थांबली का मी बाहेर येईन, आणि मंग तू दिसशील. तुझा काय दोष त्यात? जा, सुखी ऱ्हा, लेकरं वाट पाहत असतील तुझी.