गुळाचा आळ

थांबा ताई, आत जाऊ नका एवढ्यात. तो कागद घेऊन निगालाय न्हवं, पेशंटला समजावून सांगायला — साखर कशानं झाली, काय खायाचं, सुई कुटं टोचायची? मला म्हाईत हाय, काल शेजारच्या खाटंवरच्याला तुमीच सांगत हुता. बसा हितं बाकड्यावर, दोन मिंटं. मी केराबाई, सात नंबरच्या खाटंवरच्याची बायको — कागदावर मायाप्पा लिवलंय बघा, मी न्हाय नाव घेत. त्यास्नी भाकरी किती, भात किती, काय बी सांगा. साखर कशानं झाली तेवढं सांगू नका. सारकं काय बोलाय बघताय? माझं होऊ द्या की आदी.

तर काय — फुफ्फुसात गाठ निगाली, त्याला पाच म्हयनं झालं. डागदर म्हनले नव्या औषधाची सलाईन लावू, दर तीन आठवड्याला एक. आमी सांगोल्याकडनं येतो, मेंढरं दिराच्या हवाली करून. तीन सलाईनी झाल्या आन गाठ निम्मी झाली — निम्मी, फोटूत दावली मला. आन मग त्यास्नी तान लागाय लागली. दुपारपतूर कळशी रिकामी, आन घटकंघटकंला लगवी. आता आमच्यात उनातनं आलेल्याला नुसतं पानी देत न्हाईत, संगं गूळ देत्यात. मला वाटलं ऊन लागलंय. गूळ कालवून पानी दिलं. परत मागितलं, परत दिलं. दोन दिस मी ढेप फोडतीया आन ते पित्यात, आन मी मनात म्हनतीया, बरं हाय, पोटात काय तरी जातंय. तिसऱ्या दिशी धाप अशी लागली की थांबंना, मानूस वळखंना. जीपात घालून हितं आनलं, तर साखर पाचशे ऐंशी.

डागदरानं मला बाजूला घेतलं. म्हनले, मावशी, ही साखर त्या सलाईनीनंच झाली. ते औषध अंगातली ताकद गाठीवर सोडतं, आन पोटात साखरंचं काम बघनारं जे असतं, त्येच त्या ताकदीनं खाऊन टाकलं. म्हनलं कळलं — लांडग्यावर कुत्रं सोडलं, त्यानं लांडगा तर धरला, पर आपलंच कोकरू बी फाडलं. व्हय म्हनले. गुळानं भर पडली, कारन ते न्हवं. आता सुई जल्मभर, पर सलाईन थांबवायची न्हाय, थांबवली तर गाठ परत वाढंल.

मग खरं का न्हाय सांगितलं म्हनताय? आवो, शुद्धीवर आल्या आल्या त्यास्नी त्योच संशव. उशाला बिरोबाच्या भंडाऱ्याची पुडी हुती, ती सोडली, भंडारा मुठीत घेतला आन म्हनले, ह्या औषधानं मला साखर लावली असंल तर देवाची आन हाय, ह्याफुडं एक थेंब अंगात घेनार न्हाय. भंडारा उचलला ताई. आमच्यात भंडारा उचलल्यावर माघार नसती. मी काय करनार? तोंडातनं निगून गेलं — औषधानं न्हाय, माझ्या गुळानं झालं.

तवापसनं एक सलाईन गप घेतली, आज दुसरी. आन मी? सासू माझ्या हातचा च्या घेत न्हाय. नणंद मुक्ताबाई चारचौघांत म्हनती, हिनं गोड घालून माझ्या भावाची वाट लावली. ऐकून घेते. दिसाला चार सुया मीच टोचायच्या, दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाईत. मेंढरांत जानं बंद, म्हायेर बंद. भावाच्या लेकीचं लगीन झालं, मी हिकडं घड्याळ बघत बसलेली. आन टोचताना बी वर त्यांचं बोलनं — बघ, तुझ्या गुळाची फळं. एकदा तर वाटलं, नगंच टोचाय — न्हाय, टोचली की. वाटलं फकस्त. ते कुटं लिवू नका.

काय म्हनताय? सकाळीच? मी खाली औषधाच्या दुकानात गेले तवा? समदं सांगितलंत — सलाईनीनं झालं म्हून? आन आता नुसता खान्याचा कागद द्यायचा ऱ्हायलाय?

आवो पर अकराला सलाईन लागली की. म्या बघितलं, नर्स आली तर सोताच हात फुडं केला. आन मघाशी मुक्ताबाई डबा घेऊन आली, तर तिच्या देखत मला म्हनले, हिच्या गुळानं ही येळ आनली. म्हंजी ठावं असून. ठावं असून म्हनले.

जगायचंय त्यास्नी. देवाची आन मोडली, आन झाकाय माझा गूळ घेतला. आता मी काय इचारू? इचारलं तर दोघांचं बी उघडं पडतंय, मग कुटली सलाईन घेत्यात. मला बरं वाटलं ताई, खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. आन राग बी तेवढाच आलाय.

जावा तुमी. न्हाय, आत काय बी बोलू नका. मला समजलंय हे तर अजाबात नगं. सरा जरा, जेवनाआदीची सुई द्यायची हाय.