शेपटी नसलेला क

चिमणी : सोडा काका, दोरी सोडा! कात्री द्या, नाहीतर मी दातांनी तोडते.

प्रेसवाले काका : ए, ए, हात काढ आधी. आत्ता बांधलेत गठ्ठे. चाळीस-चाळीसचे चार. थोड्या वेळात तुमच्या शाळेची गाडी येईल न्यायला. एवढं झालं तरी काय? अंकातून साप निघाला का?

चिमणी : सापच म्हणा! तुम्ही दुपारी नमुन्याची प्रत पाठवलीत ना शाळेत, ती मी वाचली. पान एकोणीस. काढा. काढा ना! साडेचारला निरोप समारंभ आहे, सगळ्यांच्या हातात अंक पडणार. मेले मी.

काका : मरण्याआधी बसून घे. हं, पान एकोणीस. तुम्ही पण कमाल आहात, एकाही मुलामुलीचं खरं नाव नाही. भोपळा, डुलकी, रेडिओ… रेडिओचं वाचून मी एकटाच हसत होतो मशीनपाशी. ‘पुढे : बोलतच राहणार.’

चिमणी : काका, शिडीचं वाचा. मोठ्यानं.

काका : ‘शिडी. स्वभाव : अबोल. फळा पुसायला हिला स्टूल लागत नाही. दोस्ती : चिमणी. सहावीपासून एकच बाक. आठवण : नाटक चालू असताना मागचा पडदा फाटला, तो हिनं उभ्या उभ्या शिवला, आणि पुढे कुणाला पत्ता लागला नाही. पुढे : खूप शिवणार.’ बरं मग?

चिमणी : शिवणार नाही हो, शिकणार! खूप शिकणार! क आहे तिथे, क! तुम्ही व छापलात.

काका : अरेच्चा. वर पडदा शिवल्याचं होतं, म्हणून मला ते जुळल्यासारखं वाटलं. म्हटलं, मुलीला हौस असेल शिवणाची.

चिमणी : तिची आई शिवणकाम करते काका. आमच्या अर्ध्या वर्गाचे गणवेश मावशींनी शिवलेत. वर्गात काही उसवलं की सगळे ओरडतात, ‘शिडीकडे द्या, शिडीकडे द्या.’ ती शिवून देते, पण कान लाल होतात तिचे. आणि आता छापून? मी लिहिलंय ते! खाली माझं नाव आहे. सगळ्यांना वाटेल मीच टोमणा मारला. आणि मावशी आज समारंभाला येणार आहेत. पंधरा वर्षं त्या एकच म्हणत आल्यात, ‘माझ्या मुलीला या मशीनवर बसू देणार नाही.’

काका : माणसाकडून होतात चुका, पोरी. एक व, तेवढ्यासाठी कुणी फासावर जात नाही.

चिमणी : तुम्हाला नाही कळत! तिला पूल बांधायचं शिकायचंय. दुसऱ्या गावच्या कॉलेजात नंबरसुद्धा लागलाय. अर्ज पिशवीत घेऊन फिरतेय आठ दिवस. आज शेवटचा दिवस, इथल्या प्रवेश केंद्राची खिडकी पाचला बंद. तीनदा मी तिला त्या खिडकीपर्यंत ओढत नेली आणि तीनदा ती परत फिरली. का, ते सांगत नाही. मी म्हटलं, घाबरलीस का? तर म्हणे, हो. आज समारंभाला निघायच्या आधी चौथ्यांदा नेणार होते. आता हे वाचलं की संपलंच. म्हणेल, नशिबानंच छापून दिलं.

काका : बरं, रडू नकोस. कागदावर टिपं पडली की शाई फुटते. हे बघ, व आणि क यांच्यात फरक किती? एका शेपटीचा. काळं पेन घे, प्रत्येक प्रतीत व ला शेपटी काढ, झाला क. एकशेसाठ प्रती, म्हणजे तासाभराचं काम. मी एक गठ्ठा घेतो.

चिमणी : खरंच की! काका, तुम्ही देव आहात.

काका : देव असतो तर व छापला नसता. पण एक सांगतो, मी स्वतःच्या मनानं अक्षर बदलत नाही. आम्ही प्रेसवाले माशीला माशी मारणारे. हस्तलिखितात असेल तेच लागतं. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तूच शेपटी विसरली असशील.

चिमणी : मी? शक्यच नाही. ‘खूप शिकणार’ हे मी तीनदा गिरवलंय. दाखवा कागद.

काका : तू शेपट्या काढत राहा, मी फाईल काढतो… एकोणीस, एकोणीस… हा घे. आता सांग, व आहे की क?

चिमणी : व दिसतोय. असं कसं होईल?

काका : थांब जरा. उजेडात धर तो कागद. अगं, इथे पांढरं लावलंय. खाली शेपटी दिसतेय बघ. कुणीतरी नखाएवढा व्हाइटनर लावून ती पुसलीय.

चिमणी : मी व्हाइटनर वापरतच नाही काका. मी सरळ खोडते आणि बाजूला लिहिते. वर्गात सगळ्यांना माहितेय. कुणी केलं हे? त्या रेडिओची तंगडी तोडते की नाही बघा! कागद कुणी आणून दिले होते तुमच्याकडे?

काका : एक उंच मुलगी आली होती. दारातून वाकून आत आली, म्हणून लक्षात राहिली. म्हणाली, ‘काका, एक चूक आहे, दुरुस्त करू का?’ त्या खिडकीपाशी बसून केली आणि फुंकर मारून वाळवली. चांगली शहाणी वाटली मला.

चिमणी : दारातून वाकून?

काका : हो. ती बघ, तशीच… अगं, तीच आली.

शिडी : काका, गाडी आलीय बाहेर. गठ्ठे… तू इथे काय करतेस चिमणे?

चिमणी : शेपट्या काढतेय. तुझ्या.

शिडी : किती झाल्या?

चिमणी : किती झाल्या विचारतेस? का पुसलीस ते सांग! माझ्या अक्षरात, माझ्या नावाखाली! सहावीपासून एका बाकावर बसतो आपण. माझ्या डब्यात तुझा हात, तुझ्या वहीत माझा डोळा, आणि मला एका शब्दानं न सांगता तू…

शिडी : खरं होतं ते केलं. उरलेल्या प्रती राहू देत तशाच.

चिमणी : नाही राहू देणार! वेड लागलंय का तुला? सगळा वर्ग हसेल.

शिडी : हसू दे. मला आईसाठी हवंय ते. आज घरी गेल्यावर ती म्हणेल, अंक वाचून दाखव. वाचताना त्या ओळीवर आले की आपोआप सांगून होईल, मी जात नाहीये म्हणून. मला तोंडानं जमत नाही ग. आठ दिवस रोज तोंड उघडते आणि भलतंच विचारते. चहा टाकू का? दार लावू का?

चिमणी : मावशी स्वतः वाचतील की. तू कशाला वाचून दाखवायला हवं?

शिडी : तिला दिसत नाही.

चिमणी : काय?

शिडी : उजव्या डोळ्यानं अजिबात नाही. डाव्यानं मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. तिनं मला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही. कळलं तर लोक कापड टाकायला यायचे बंद होतील.

चिमणी : पण माझा समारंभाचा ड्रेस त्यांनीच तर शिवला. हाच. हा बघ, अंगावर आहे माझ्या. किती छान बसलाय.

शिडी : तो मी शिवला.

चिमणी : तू?

शिडी : आधी आईनं शिवला. दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. मी पहाटे उठून उसवला, पुन्हा शिवला आणि होता तसा घडी करून ठेवला. पाच महिने असंच चाललंय. ती दिवसभर शिवते, मी पहाटे उसवते. शाळेला निघायच्या आधी वीस सुया ओवून मशीनवरच्या छोट्या गादीला खोचून ठेवते. तिला यातलं काही माहीत नाही. गिऱ्हाईक कौतुक करून गेलं की म्हणते, ‘बघ, डोळे गेले तरी हात नाही गेला माझा.’ आता सांग, मी गेले तर? चार दिवसांत कुणीतरी तोंडावर सदरा फेकेल तिच्या. त्या दिवशी तिचा हातसुद्धा जाईल चिमणे. मग तिच्याकडे उरलं काय?

चिमणी : अगं, मला सांगायचंस ना. मी तुला भित्री म्हटलं. त्या खिडकीसमोर, सगळ्यांदेखत.

शिडी : भित्रीच आहे मी. सोमवारी अर्ज पुढे केला तिच्या, सही कर म्हटलं. तिनं केली. माझ्या फोटोवर. बरोबर तोंडावर. आणि विचारलं, ‘ओळीत आली ना ग?’ मी म्हटलं, ‘आली.’ तो अर्ज कुणाला दाखवू? खिडकीपर्यंत जाते, फोटोकडे बघते आणि परत येते.

चिमणी : काका, तुम्ही तरी काही बोला ना. सव्वातीनपासून मीच बोलतेय. मला काही सुचत नाहीये, माझं डोकं बंद पडलंय!

काका : पोरी, एक विचारतो. पाच महिन्यांत आई तुला कधीच काही बोलली नाही? शिवणीबद्दल?

शिडी : नाही. म्हणजे… परवा एक शिवण चाचपत होती. म्हणाली, ‘माझा टाका एवढा बारीक कधीपासून पडायला लागला?’ मी म्हटलं, मशीनला तेल घातलंय ना, म्हणून.

काका : आणि ती काय म्हणाली?

शिडी : ‘असेल’ म्हणाली. मग बराच वेळ त्या शिवणीवरून बोट फिरवत बसली.

(आतलं मशीन थांबतं.)

काका : आतला आवाज थांबला ना आत्ता? माझा मुलगा आहे मशीनवर, कागद बदलत असेल. त्याला नकाशे काढायचे होते. डोंगर, नद्या, समुद्राची खोली, असलं सगळं. मी तेव्हा शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा हातानं जुळवायचो आणि माझे डोळे अधू झाले. मी तपासलेलं प्रूफ तो माझ्या मागे गुपचूप पुन्हा तपासायचा. त्याला वाटायचं, बाबांना कळत नाही.

चिमणी : तुम्हाला कळायचं?

काका : मला माझ्या चुका माहीत नसतील? चाळीस वर्षांचा हात माझा. सकाळी बघावं तर चूक गायब. मी गप्प बसलो. म्हटलं, पोरगा मायेनं करतोय, बोललो तर ओशाळेल. आणि तो गप्प बसला, बाबा खचतील म्हणून. दोघं एकमेकांना जपत बसलो आणि त्याचं वय निघून गेलं. आता चाळिशीला आलाय. कधी बोलला नाही मला. पण लग्नपत्रिकेत कुणी कार्यालयाचा रस्ता काढून मागितला ना, की जेवायला उठत नाही तो. चार रेघांचा नकाशा, दोन-दोन तास काढत बसतो.

शिडी : म्हणजे आईला माहितेय?

काका : मला काय ठाऊक, मी काही तिला ओळखत नाही. पण टाका कुणाचा आहे हे शिवणाऱ्याच्या बोटाला कळतं, एवढं सांगतो.

शिडी : मग ती बोलली का नाही? मी पहाटे चारला उठायचे, मोठा दिवा न लावता, मशीन हळूहळू फिरवत. ती पलीकडे झोपलेली असायची. का बोलली नाही ती?

चिमणी : तू तरी कुठे बोललीस? रडून घे शिडे. रड तू. मी आहे इथे.

शिडी : वेळ नाहीये रडायला. किती वाजले?

काका : चाराला दहा कमी.

चिमणी : मावशी कुठे आहेत आत्ता?

शिडी : घरी. तयार होऊन बसलीय केव्हाची. मी न्यायला येईन म्हणून.

चिमणी : गाडी दारात आहे. चल, घरी जाऊ, मग खिडकीवर. सही नव्यानं घेऊ, नाहीतर मी भांडते त्या खिडकीतल्या माणसाशी. भांडणात मला कोण हरवणार?

शिडी : आणि सुया?

चिमणी : मी कुठे चाललेय? मी इथेच आहे, माझ्या दादाच्या दुकानात बसणार. रोज सकाळी येऊन ओवीन. येत नाही मला, दहादा बोटाला टोचून घेईन, पण ओवीन.

शिडी : तुला सुईचं नेढं कुठे असतं तेही माहीत नाही.

चिमणी : शिकव मग. आता हसलीस का? बघा काका, हसली!

काका : हसणं-रडणं गाडीत करा. उरलेल्या प्रती मी आणि मुलगा करतो. शेपट्या काढायचं काम आवडेल त्याला. साडेचारच्या आत गठ्ठे आमच्या टेम्पोनं शाळेत पोचवतो.

शिडी : काका, त्यातली एक प्रत द्या मला. शेपटी न काढलेली.

चिमणी : पुन्हा तेच? आता कशाला तुला व हवाय?

शिडी : वाचून दाखवते तिला, आहे तसं. मग पेन देते तिच्या हातात. शेपटी तिनं काढायची.

चिमणी : अगं, पण त्यांना दिसणार नाही. भलतीकडेच जाईल ती.

शिडी : जाऊ दे. या वेळी विचारलं तर सांगेन, ओळीत नाही आली.