बहात्तर पायऱ्या

शिवणमावशी : आज पुन्हा घामाघूम! अगं, माझं घर तळमजल्यावर आहे, डोंगरावर नाही.

फिजिओ : लेझरचं मशीन जड आहे मावशी. पाय उशीवर घ्या. आणि चष्मा लावा.

शिवणमावशी : लावला. हा काळा चष्मा चढवला की मी वेल्डिंग करणारी दिसते.

फिजिओ : लेझर डोळ्यांत जायला नको, म्हणून. अहो, पण गुडघ्यावर लेझर धरायच्या जागांचे हे ठिपके कुणी काढले?

शिवणमावशी : मीच. तुझे आंघोळीत पुसले गेले. म्हटलं, तुझा वेळ वाचेल. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांवर खडूने खुणा केल्या, मला काय आठ ठिपके जड आहेत?

फिजिओ : ठिपके सुरेख आहेत. फक्त डाव्या गुडघ्यावर आहेत. दुखतो तो उजवा.

शिवणमावशी : अगं बाई! वाकता येत नाही म्हणून आरशासमोर बसले होते. आरशातलीला समोर उभं गिऱ्हाईक समजून तिचा उजवा धरला बघ.

फिजिओ : हसवू नका, हात हलतो. हं, काढले उजव्यावर. हा लेझर पहिल्या ठिपक्यावर. आता स्वस्थ बसा.

शिवणमावशी : ना गरम, ना गार. काही कळतच नाही.

फिजिओ : कळायचं नसतंच. झिजलेलं परत येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. दुखणं कमी झालं की व्यायाम करता येतो, एवढंच. केलात ना?

शिवणमावशी : रोज तीनदा. खुर्चीत बसून पाय वर, पाय खाली. सुनेला वाटतं, म्हातारी हवेत मशीन चालवते.

फिजिओ : आज बारावी वेळ, शेवटची. दुखणं दहापैकी किती?

शिवणमावशी : दोन.

फिजिओ : मावशी.

शिवणमावशी : बरं, तीन.

फिजिओ : मघाशी उठताना टेबल धरलंत. मी पाहिलं.

शिवणमावशी : तुझं लक्ष म्हणजे ना! चार. आठवरून चारवर आलेय, हे मात्र अगदी खरं.

फिजिओ : मग दोन कशाला सांगितलंत?

शिवणमावशी : कमी झालं तर जिना चढू देईन म्हणाली होतीस. लिफ्ट नाही, चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर पायऱ्या आहेत. वर माझी ताई राहते.

फिजिओ : हं.

शिवणमावशी : आम्ही दोघींनी मिळून दुकान चालवलं. मी शिवायची, ती काजं-बटणं करायची. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी घरी चहा व्हायचा. मग तिचे गुडघे गेले, पाठोपाठ माझा उजवा. दीड वर्ष झालं. एकाच इमारतीत राहतो, पण भेट नाही.

फिजिओ : फोन असेल ना?

शिवणमावशी : असतो. चेहरा दिसणाराही आहे. पण ती असा धरते की नुसतं कपाळ दिसतं. कपाळाशी किती बोलणार? आणि तिला ऐकू कमी येतं, मी ओरडते, ती म्हणते रागावतेस का.

फिजिओ : कुणी उचलून नेलं असतं वर.

शिवणमावशी : शेजारचे म्हणाले होते. मी काय कपाट आहे? अगं, ती रोज गॅलरीतून दोरीने पिशवी सोडते. मी खालून भाजी घालते, कधी दोरा घालते. मान वर केली की तिचे हात तेवढे दिसतात कठड्यावर. दीड वर्ष मी माझ्या बहिणीचे फक्त हात बघतेय. हल्ली ते थरथरायला लागलेत. चेहऱ्याचं काय झालं असेल, देव जाणे. मला फार आठवण येते गं तिची. डोक्यावर राहते, म्हणून जास्तच येते.

(यंत्र बारीक आवाज करून थांबतं.)

फिजिओ : झाले आठही. चष्मा काढा. डोळे पुसा आधी.

शिवणमावशी : घाम आहे तो.

फिजिओ : असेल. ऐका. बहात्तर पायऱ्या चढू देणार नाही.

शिवणमावशी : वाटलंच मला.

फिजिओ : छत्तीस चढायच्या. कठडा धरून, आधी डावा पाय, मग उजवा. दर सहा पायऱ्यांना थांबायचं. उद्या सकाळी अकरा वाजता. मी बरोबर असेन.

शिवणमावशी : छत्तीस म्हणजे दुसरा मजला. तिथे जाऊन काय करू? भिंतीशी बोलू?

फिजिओ : तिथे जिन्याजवळ मोकळी जागा आहे. सुनेला सांगून खुर्च्या ठेवून घ्या. दोन.

शिवणमावशी : दोन कशाला? चढणार मी एकटी.

फिजिओ : ठेवा तर खरं. उद्या माझ्याबरोबर माझी मदतनीसही असणार आहे.

शिवणमावशी : मग ती बसणार आहे का खुर्चीत?

फिजिओ : नाही. तिला दुसऱ्या कुणाचा तरी हात धरायचाय.

शिवणमावशी : थांब. तू रोज एवढं जड मशीन घेऊन, घामाघूम होऊन येतेस, ती... अगं, तू माझ्याकडे यायच्या आधी कुठे असतेस?

फिजिओ : मावशी, एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमचा नियम आहे. मी काही बोललेले नाही.

शिवणमावशी : नाही गं, कुठे काय बोललीस! तिनेही दोनच सांगितलं असेल तुला. लबाड आहे पहिल्यापासून.

फिजिओ : मी निघते. उद्या अकरा.

शिवणमावशी : पोरी, एक सांग. त्या मधल्या मजल्यावर उजेड असतो ना चांगला?

फिजिओ : खिडकी आहे मोठी. का?

शिवणमावशी : मला तिचा चेहरा नीट बघायचाय.