दूध आणायला गेलेला सेंटर फॉरवर्ड

— आवो साहेब, तितं उभं ऱ्हाऊन किती येळ खाकरनार? या की आत! कडी वाजवाया हात वर केला आन् आता त्यो हात कुटं न्यावा त्ये कळंना झालंय तुमाला — व्हय नं? समद्या भाईरगावच्या मानसांचं आसंच व्हतंय. शिंगनापुरात आलाय तुमी, हितं दारच न्हाई तर कडी कुठली! चौकट हाय, तिच्यातनं सरळ आत यायचं. शनीद्येव राखन करतो, मंग दार कशाला — आमचं बी कदी काई गेलं न्हाई, खोटं कशाला बोलू. बसा. त्या डब्यावर नगा, तेल सांडलंय, प्यांट खराब व्हईल आन् मंग मलाच बोल लावाल. ह्या घोंगडीवर बसा. मी ह्या रुईच्या माळा ओवत ओवतच बोलते हां, उद्या शनवार, दुकानापुढं उभं ऱ्हायला जागा नसती.

काय म्हनला? — व्हय, त्येंचंच घर. तुमी आत्ता घेतलं नं, त्येच नाव. मी न्हाई घेत — लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच, पुन्ना ह्या जिभेवर आलं न्हाई. त्याच्यापाई एकदा लई फजिती झाल्ती. आवसेच्या जत्रंत आमचे ह्ये गर्दीत कुटं गेले ते गेले, मी गेले त्या लौडस्पीकरवाल्याकडं. त्यो म्हनतो, बाई, हरवलेल्या मानसाचं नाव सांगा. आता काय सांगू? नवऱ्याचं नाव काय मी लौडस्पीकरात घेऊ? म्हनलं, उंच हायत, कपाळ चापट हाय. त्यानं तसंच पुकारलं की वो — चापट कपाळाच्या इसमानं खांबापाशी यावं, घरवाली वाट बघती! आन् आली नं लोकं. ह्ये सोडून दुसरीच आली, चांगले धडधाकट बाप्ये, कपाळाला हात लावून लाजत लाजत इचारत्यात, आमी का? — हसा, हसा. मी बी हसले, पन घरी आल्यावर.

— न्हाई न्हाई, आता हरवलेले न्हाईत. दूध आनाया गेलेत छबूबाईकडं, चार घरं सोडून. आत्ता येतील. च्या घेतल्याबिगर तुमी जायाचं न्हाई. — तर काय म्हनत हुता, कारखान्याची टीम? फुटबालची? साखरंच्या कारखान्याला फुटबाल कशाला वो? — चेरमनसाहेबांच्या मनात आलं. मंग झालं, चेरमनच्या मनात आलं म्हंजी उसाला बी खेळावं लागंल! आन् शिकवाया आमचे ह्ये. नोकरी पक्की? — पक्की. — न्हाई, मी आपलं इचारलं. तुमी पक्की म्हनला आन् माझ्या बोटात सुई घुसली, बघा. दुष्काळात रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडलीया मी, साहेब, मिलोची, त्या भाईरदेशाच्या लाल ज्वारीची भाकर गिळलीया. पक्की म्हंजी काय त्ये मला इचारा.

तब्येत? ठनठनीत! रेड्यासारखी. — डोस्कं? डोस्क्याला काय धाड भरलीया? डोस्क्यावरच तर नाव कमावलं त्येंनी. पायानं काय, कुनी बी मारतं. लग्नाच्या आदी ह्ये भिंगारच्या क्यांपात, मिल्ट्रीच्या भटारखान्यात भांडी घासाया हुते. तितं जवान खेळायचे. एक दिस चेंडू आला भटारखान्याकडं, ह्येंच्या दोनी हातात पातेलं, मंग काय करनार — दिला डोक्यानं परत. झालं! सुभेदारानं पातेलं काढून घेतलं आन् ह्येंना मैदानात उभं केलं. तितनं मुंबैच्या गिरनीनं नेलं, पगार गिरनीचा आन् काम निस्तं खेळायचं. सेंटर फारवड! त्यो चेंडू बी आताच्यावानी नव्हता हां, जाड चामड्याचा, वर वादीची गाठ, पावसात भिजला की ज्वारीच्या गठुड्यावानी जड. त्यो आभाळातनं खाली यायचा, समदे बाजूला सरायचे आन् आमचे ह्ये पुढं व्हायाचे. कपाळ चापट उगं झालं न्हाई.

आन् सवय आजून हाय, त्याची तुमी काळजीच नगा करू. मागं दुकानातनं मी एका गिऱ्हाइकाला नारळ टाकला, म्हनलं झेला दादा, आन् ह्ये मधीच उठले की! धाडकन डोकं! नारळ फुटला, पानी समदं त्या गिऱ्हाइकाच्या आंगावर. त्यो बिचारा म्हनतो, बाई, ह्यो तर द्येवापुढं फोडायचा हुता. म्हनलं, फुटला नं? मंग वाहा की आता, तुमचे कष्ट वाचले. — लागलं? छ्या! नारळालाच लागलं. तवापास्नं मी नारळ हातात देते एवढंच.

— आत्ता येतील वो. छबूबाईची म्हैस जरा नखऱ्याची हाय, पान्हा सोडत न्हाई लवकर. — किती येळ झाला म्हंजी… सकाळच्या च्याला दूध न्हवतं, तवा गेल्ते. — दिसतंय मला बी ऊन कलंडलंय त्ये! गावातच आसत्यात. जेवत आसतील कुटं तरी. — कुटं म्हंजी, ह्या न्हाईतर त्या घरी. आता तुमाला कसं सांगू… बघा साहेब, दार नसलं की घरं समदी सारखीच. चौकट दिसली की ह्ये आत शिरत्यात, पाय धुत्यात, बसत्यात आन् म्हनत्यात, वाढा. मंग ती बाई वाढती. बायडाबाईकडं जेवले, भाईर आले, पुढची चौकट दिसली की पुन्ना पाय धुतले. एखाद्या दिशी तीन-तीन घरी जेवून घरी येत्यात आन् मला म्हनत्यात, आज काय भूक न्हाई बाई, तब्येत बरी न्हाई वाटतं! म्हनून तर म्हनलं, तब्येत रेड्यासारखी. पन दुष्काळात बी कुनी पानावरनं उठीवलं न्हाई त्येंना. मिलोची तर मिलोची, आपल्यातली आर्धी मोडून दिली. ह्या गावाचे उपकार मी जलमभर फेडले तरी फिटायचे न्हाईत.

आन् गावाला बी उपेग झालाय त्येंचा, आसं न्हाई! कानिफनाथाच्या घरी पोरगी बघाया पावनं आल्तं, देन्याघेन्यावरनं घोडं आडलं, दोनी कडचे तोंडं फुगवून गप. ह्ये शिरले, पाय धुतले, बसले मधोमध. पावन्यांना वाटलं पोरीचा थोरला चुलता. कानिफनाथ काय बोलनार, चारचौघांत? शेवटी ह्येच म्हनले — हाफटाइम झाला का? मंग चला, उठा! आन् उठले की. पावन्यांना वाटलं चुलता बिघडला, आता सोयरीक मोडती — घाबरून म्हनले, बसा बसा, आमाला समदं कबूल! लागलं लगीन. पोर झालं त्येंना आता. बारशाचं पैलं बोलावनं आमच्याच घरी.

— आं? कुटली म्याच? मुंबैच्या कुपरेज मैदानावरची, शेवटची? तुमी सोता बघितली? आगं बाई! म्हंजी तुमी त्येंचा खेळ बघितलेलं मानूस, आन् मी मघाधरनं तुमालाच सांगतीया! मंग ठावंच आसंल तुमाला, डोकं डोक्यावर आदळलं त्ये. खाडकन आवाज झाला म्हनत्यात, लांब बसल्याल्यांना बी ऐकू गेला. आडवे झाले, कांदा हुंगवला, थंड पानी मारलं आन् केलं की उभं पुन्ना. तसं आदुगर बी कितीदा झाल्तं — घेरी यायची, वकारी यायची, कांदा हुंगला की चालू! पडल्यालं मानूस उठलं म्हनून लोकं टाळ्या वाजवायची. आन् मंग त्याच म्याचला त्येंनी डोक्यानं गोल क्येला आन् टीम जितली, एवढं मला ठावं हाय. रोज सांजच्याला मला इचारत्यात, लंके, म्याचचं काय झालं? मी सांगते, जितली, तुमच्याच गोलनं. मंग घास घेत्यात. — काय? — न्हाई वो, दुसरी कुठली तरी म्याच आसंल ती. — आपल्याच टीमवर? आसं कसं मारतील आपल्याच… — उठल्यावर तोंड भलतीकडं झाल्तं? आन् कुनी सांगितलं न्हाई त्येंना, आरं इकडं न्हाई, तिकडं? — हसली लोकं? — बरं. हसली तर हसली. मघाशी मी बी जत्रंतलं सांगून तुमाला हसवलं, लोकांना काय नावं ठेवू. पन हळू बोला साहेब, हितं भितीला भित लागून घरं हायत. ह्या घरात ती म्याच जितल्याली हाय, आन् जितल्यालीच ऱ्हानार.

डागदरनं फोटू काढला हुता डोक्याचा. म्हनला, फोटूत काई न्हाई. म्हनलं, फोटूत न्हाई, मंग डोक्यात काय हाय? म्हनला, मुका मार हाय, बाई, मेंदू हादरलाय, एकदा न्हाई, कैकदा. मुक्या माराला कुनी इचारीत न्हाई साहेब, रगत दिसाया लागतंय. गिरनीनं दुसरा सेंटर फारवड आनला आन् आमी हितं आलो. — छ्या, ह्ये येकटेच हायत व्हय! त्येंच्या टीमचा मच्छिंद्र म्हनून गडी, त्यो बी डोक्यानंच मारनारा, आल्ता भेटाया. दोघं दिसभर ह्याच घोंगडीवर बसले, हसले, रडले, गळ्यात गळा घातला. सांजच्याला मच्छिंद्र मला हळूच इचारतो, वैनी, ह्ये कोन? आन् ह्ये चुलीपाशी येऊन म्हनत्यात, लंके, ह्यो बाबा कवा जानार?

— पन खेळ न्हाई इसरले, साहेब. उभं करा मैदानात, चेंडू वर टाका, बघा. आन् मला न्हाई इसरले. दिस इसरतील, वार इसरतील, घर इसरतील, पन लंकीला न्हाई. एवढं माझं खरं माना. — आं? तरी बी घेनार? समदं ऐकून बी? मला वाटलं, मी आपली बडबड करून घालवली नोकरी! तुमचं भलं व्हवो, बाबा. — आन् ऱ्हायाला? — क्वाटर! घरात नळ? आगं बाई, घरात! — एका वळीनं घरं, समदी एकसारखी… — आन् दार? — आसनारच की, मी बी काय इचारतीया. कडी लोखंडाची. आन् लोकं दिसा बी लावून घेत्यात? — लावून घेत्यात. हां. मंग ह्ये दूध आनाया गेले तर? कुनाचं दार वाजवतील? आतली बाई म्हनंल, कोन तुमी, काय पायजे? ह्येंना येळंला सोताचं नाव सुदिक आठवत न्हाई. उन्हात उभे ऱ्हातील वो. उभे तरी कशाचे ऱ्हातात, डोक्यानं दारं मारत सुटतील, आन् पुन्ना मुका मार! हसू नगा, खरंच मारतील… नगं साहेब. न्हाई जमायचं. नळाचं लई भरलं हुतं मनात, पन नगं. हितं ते कुटं बी शिरले तरी घरीच आल्यावानी हाय. चेरमनला सांगा, मानूस झ्याक हाय, बायकूच आडमुठी निघाली.

— आले बघा! म्हनलं नव्हतं, आत्ता येतील? दुधाचा तांब्या कुटं ठेवला — आसू द्या, आसू द्या. पाय धुवा. ह्ये साहेब मघाधरनं तुमची…

— काय म्हनला?

— वैनी? — व्हय. व्हय व्हय, वैनीच की. — आवो, जेवाया काय इचारायचं, भाकरी हाय, आमटी हाय. — लंकी? लंकाबाई न्हाई व्हय घरात? गेली आसंल कुटं तेलाबिलाला, येती की आत्ता. तवर आमच्याकडं खावा, त्यात लाजायचं काय. बसा. बसा, गोरक्षनाथभावजी.

— काय बघताय साहेब माझ्याकडं? घेतलं मी नाव. तोंड मिटा. — म्याच? इचारा की ह्या साहेबांनाच, त्येंनी सोता बघितलीया. सांगा साहेब, काय झालं कुपरेजला. — सांगा की, मानूस पानावर बसलंय.

— ऐकलं? जितली. तुमच्याच गोलनं. खावा आता, गोरक्षनाथभावजी, आमटी निवती.

— आन् तुमी निघा साहेब, घोडेगावची येष्टी चुकंल. च्या ऱ्हायला, दूध काय आलंच न्हाई. जावा आसं सरळ, मागं बघू नगा. लावून घ्यायला हितं दार न्हाई.