मोहाचे दिवस

गडचिरोलीहून धानोऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी बसल्या होत्या. दोघींच्या मांडीवर नव्या टोपल्या.

“मंगलीबाई, तुहा रैनू इंडियाच्या टीममंधी गेला म्हन्ते?”

“गेला नं. परवा पयली मॅच हाय त्याची.”

“चौतीस वर्षाचा झाला नं तो? या वयात तं पोरं खेळनं सोडून देतात.”

“बॉल तं तो लहानपणापासून असाच फिरवते.”

“मंग इतका उशीर काऊन?”

“नागपूरचं सिलेक्शन दरसाली मोहाच्याच दिवसात राहे. फुलं पहाटे पडतात. उन्हं चढेपर्यंत वेचली नाई तं ढोरं खाऊन टाकतात. कसा जाईन तो?”

“मंग आता कसा गेला?”

“मांगं एकदा त्याईनं सिलेक्शन दिवाळीनंतर ठेवलं. तवा गेला, तं नागपूरच्या टीममंधी झाला, अन् तथून इंडियात.”

“परवाची मॅच कितीले हाय?”

“पहाटेच. न्यूझीलंडात हाय म्हने.”

“अवं, पन आता तं मोह पडून राह्यला!”

“हो नं. काल तिकडून फोन केला त्यानं. पयले तेच विचारलं, मोह पडाले लागला का म्हणून.”

“तू परवा टीव्हीपुढं बस. तुह्या झाडाची फुलं मी वेचतो.”

मंगलीबाईंनी मांडीवरची टोपली जवळ ओढली.

“रैनू बी दरसाली हेच म्हने. आई, तुहे गुडघे दुखतात, तू घरी बस, मी वेचतो.”