चंदनाआत्याचं एकभुक्त आणि जीपचा दांडा

…न्हाय न्हाय पावणं, जीप डुलती हे मला सांगूच नका, मिलिटरीच्या लिलावातली गाडी ती, डुलणारच की, पण आमच्या चंदनाआत्याला हे कोण सांगणार? वळण आलं की वरडायची, "बाबासो, पाडतोस रं मला!" म्हटलं म्हातारं माणूस हाय, नेली गाडी उद्यमनगरात लालासाब मिस्त्रीकडं. त्यानं म्होरल्या चाकांच्या मधी आडवा दांडा बसवला, ह्या चाकापास्नं त्या चाकापतुर, आन छाती काढून म्हणाला, "आता भरली कळशी ठेव गाडीत, थेंब सांडला तर नाव बदलीन." खरंच ओ, डांबरीवर गाडी अशी ताठ, की आत्यानं वळणावर डुलकी काढली. पण तुमास्नी सांगतो, दांडा ठेवला तरी पंचाईत, काढला तरी पंचाईत.

त्या दिवशी आत्याचं एकभुक्त हुतं. दिवसातनं एकदाच जेवायचं, ते बी दिवस बुडायच्या आत, न्हायतर थेट उद्या. आन जेवायचं कुठं? लेकीकडं, आजऱ्याच्या पलीकडं डोंगरात. मिस्त्री बी आला, आपल्या दांड्याचं कवतिक बघाय.

डांबरी सरली, वढा आला, आन डावं चाक दगडावर चढलं. चढूंदे की. पण मग उजव्यानं खड्ड्यात उतराय नको? कसं उतरंल, दांड्यानं दोघांस्नी एकात बांधल्यालं, डावं वर गेलं की उजव्याला बी वर वढतंय. उजवं ऱ्हायलं अधांतरी, गरागरा फिरतंय, आन गाडी हाय तितंच.

म्हटलं, "मिस्त्री, काढ दांडा." तर म्हणतोय, "माज्या हातचं काम मी उघडत न्हाय." आन आत्या? नुसती पदर धरून सूर्याकडं बघत बसली. ते बघितलं आन मिस्त्री गप उतरला. गाडी मागं ढकलली, हा पाना घेऊन खाली शिरला, दांडा काढला. आन काय सांगू, दगडावरचं चाक दगडावर, खड्ड्यातलं खड्ड्यात, ज्याचं त्ये मोकळं, आन गाडी म्हशीगत वढा चढून गेली.

पण म्होरं चढण, वळणावर वळण, आन दांडा मागं गोणपाटात, परत बसवाय येळ कुठला? हळू हाणावं तर दिवस बुडतोय, जोरात हाणावं तर आत्या एकदा माज्या अंगावर, एकदा दारावर. सकाळपास्नं रिकामं पोट ते. दांडा ठेवला तरी पंचाईत, काढला तरी पंचाईत.

पोचलो की पण. ऊन अजून कौलावर हुतं. त्रिशलानं, म्हंजे लेकीनं, पाट मांडला, ताट वाढलं. आत्यानं घास उचलला… आन परत ठेवला. "न्हाय गं बाई, समदं घर फिरतंय माज्याभवतीनं." मला लई वाईट वाटलं ओ. मिस्त्री तर खाली मान घालून पान्याचा चिखल पुसत बसला.

आन आत्या काय म्हणाली? "माज्यापायी दमलासा रं. ऊन हाय तवर तुमी दोगं तरी जेवून घ्या." उपाशी म्हातारी उठली आन आपल्या हातानं आमाला वाढाय लागली. आता सांगा, असला घास घशाखाली उतरंल का?

…उतरला की. परत मागून घेतला. काय करणार पावणं, खपली गव्हाची खीर हुती.